दुखणे देहाचे, बोल कुणाला?



शरणांच्या विचारात स्थावर आणि जंगम ही जोडी वारंवार भेटते. स्थावर ते एका जागी उभे केलेले, घडवलेले, आणि म्हणून कधी ना कधी ढासळणारे. जंगम ते चालते-बोलते, चैतन्याने भरलेले. दगडी देवळाहून हा चालता देह हेच खरे देवालय, हा महात्मा बसवेश्वरांचा विचार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनात तो ऐकताना मन प्रसन्न होते. पण ज्या घरातील मूल चालायला शिकते, अंगणात खेळते, आणि मग काही वर्षांत त्याचे पाय त्याचे ऐकेनासे होतात, त्या घरातील माणसांना हा विचार ऐकून काय वाटत असेल? चालता देह देवालय, तर न चालणारा देह काय? आणि हे दुखणे वंशातून आले असे डॉक्टरांनी सांगितले, तर बोल कुणाला लावायचा? मुलाच्या पूर्वजन्माला, आईच्या कुशीला, की बापाच्या कुळाला?

हा प्रश्न थोड्या घरांचा आहे खरा. पण ज्या घराचा आहे, त्या घराला तो दिवसरात्र दुसरे काही सुचू देत नाही. आणि त्या घराला उत्तर कोण देते? शेजारीपाजारी, सोयरेधायरे, आणि आपण सगळे. म्हणून आपले उत्तर तपासून पाहणे अगत्याचे आहे. त्यासाठी आधी दुखणे नीट समजून घेऊ. न समजलेल्या दुःखावर केलेले निरूपण कितीही गोड असले तरी ते त्या दुःखाला स्पर्श करीत नाही.

दुखणे कसे असते

मेंदूच्या जडणघडणीतच उणीव असणारे आणि वयाबरोबर हालचाली बिघडवीत जाणारे आनुवंशिक आजार पुष्कळ आहेत. एकेक आजार अत्यंत दुर्मीळ असतो, पण सगळे मिळून अशी मुले थोडीथोडकी नाहीत. यांपैकी एका आजाराची ओळख आपल्या मुंबईत पटली, म्हणून तोच उदाहरणादाखल घेऊ.

मुंबईचे मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे काही मुले येत. पहिल्या वर्षातच त्यांचे डोके वयाच्या मानाने फार मोठे झालेले असे. मूल हसे, ओळखे, बोलायला शिके. चालणे थोडे उशिरा येई, पण येई. मग हळूहळू तोल जाऊ लागे, पाय ताठर होत, काहींना झटके येत. बऱ्याच मुलांना पुढे चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागे. मेंदूची चित्रे काढली तर आतील पांढरा भाग सुजलेला, पाणी धरलेला दिसे. एवढे बिघडलेले चित्र आणि समोर हसतखेळत बसलेले मूल यांचा मेळ बसत नसे. डॉ. सिंघल यांनी 1991 साली आणि पुढे 1996 साली या मुलांविषयी वैद्यकीय जगाला कळविले. ही मुले मुख्यतः अग्रवाल समाजातील होती. मधल्या काळात, 1995 साली, नेदरलँड्समधील मार्यो व्हॅन डर नॅप या विदुषीने अशाच आठ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. डॉक्टर या आजाराला मेगॅलेन्सेफॅलिक ल्युकोडिस्ट्रॉफी म्हणतात; मोठे डोके आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाचा बिघाड, एवढाच त्या लांबलचक नावाचा अर्थ.

2001 साली या आजाराचे जनुक सापडले. ते आपल्या बाविसाव्या गुणसूत्रावर असते. मेंदूतील पाणी आणि क्षार यांचा समतोल राखण्याचे काम ज्या पेशी करतात, त्यांना लागणारे एक प्रथिन या जनुकावरून घडते. ते नीट घडले नाही की मज्जातंतूंच्या आवरणात पाणी साचत जाते. पुढे अग्रवाल रुग्णांच्या तपासणीत बहुतेकांच्या जनुकात एकच, अगदी तोच बदल आढळला. त्यावरून तो कुणा एका दूरच्या पूर्वजाकडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असावा, असे शास्त्रज्ञांनी मानले.

यातली एक गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. या मुलांचे पाय थकतात, पण समज पुष्कळ वर्षे टिकून राहते. खोलीत बसून आपण त्याच्याविषयी जे बोलतो, ते मूल ऐकत असते आणि त्याला ते कळत असते.

कुंडी भांडाऱ्याचे पाणी

आता वंशातून येणे म्हणजे काय ते पाहू. आपल्या प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. या आजारात एक प्रत बिघडलेली आणि दुसरी धड असेल, तर माणूस ठणठणीत राहतो. त्याला वाहक म्हणतात. तो वाहक आहे हे त्याला जन्मभर कळतही नाही. नवरा आणि बायको दोघेही एकाच बदलाचे वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी, की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील व आजार होईल. चारांत दोन शक्यता बाळ आईवडिलांसारखेच वाहक होण्याची, आणि चारांत एक पूर्ण मोकळे राहण्याची. मुलगा-मुलगी असा भेद यात नाही. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेबही चालत नाही. दरवेळी कौल नव्याने लागतो.

बुऱ्हाणपूरकरांना हे समजण्यास त्यांच्या गावचा कुंडी भांडारा पुरे आहे. अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून गावाकडे वळविले. वर शेते आहेत, वाटा आहेत, माणसे ये-जा करीत आहेत. खालून पाणी वाहत आहे याची खूण केवळ ओळीने असलेल्या कुंड्यांच्या तोंडाशी दिसते. वंशाचे पाणीही असेच कित्येक पिढ्या न दिसता वाहते आणि एखाद्या घरी वर दिसते. त्या कुंडीने काय पाप केले, असे कोणी विचारीत नाही. वरच्या कुंड्यांतूनही तेच पाणी गेलेले असते, फक्त तिथे कोणी वाकून पाहिलेले नसते.

आणि कोणताच माणूस यातून सुटलेला नाही. तुम्ही, आम्ही, हा अंक हाती धरलेला प्रत्येक जण असे काही सुप्त बदल अंगी वाहत आहे. म्हणून येथे अग्रवाल समाजाचे नाव आले म्हणजे त्या समाजात काही उणे आहे, असे कोणी समजू नये. जे समाज शतकानुशतके आपापसांतच विवाह करीत आले, त्या प्रत्येकात कोणता ना कोणता जुना बदल असा दाटून राहिलेला असतो. सातपुड्याच्या आदिवासी बांधवांमध्ये रक्ताचा सिकलसेल आजार याच नियमाने येतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथूनच सुरू झाली. एखाद्या समाजाचा आजार लवकर ओळखला गेला, तर ते त्या समाजाचे लांच्छन नाही. त्यांच्या घरांनी डॉक्टरांपुढे खरे सांगितले, त्याचे ते फळ आहे.

पूर्वजन्माचा हिशेब कोणी मांडावा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, बुऱ्हाणपुरातील एका घरी असे मूल आहे. इंदूरच्या खेपा झाल्या, मुंबईची गाडी धरून तिकडचेही मोठे डॉक्टर झाले. घरी परतल्यावर भेटायला येणारे म्हणतात, पूर्वजन्मीचे काहीतरी असेल. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. जे कळत नाही त्याला काहीतरी नाव द्यावे, म्हणजे मनाची तडफड थांबते, एवढाच हेतू असतो. पण हे वाक्य कुणावर जाऊन पडते? कोपऱ्यात बसलेल्या, सगळे कळणाऱ्या त्या लेकरावर. तुझे पाय तूच घालवलेस, असा त्याचा अर्थ होतो.

आपल्या परंपरेला हे वाक्य बोलता येते काय, याचा विचार करावा. जन्मलेल्या बाळाला आपण लिंगधारण करतो. ते चालेल की नाही, बोलेल की नाही, शिकेल की नाही, हे पाहून मग करीत नाही. दीक्षेने पूर्वाश्रयाचे निरसन होते, असे आपले आचार्य आणि शरण सांगतात. म्हणजे त्या बाळाचे मागले खाते आपणच गुरूसमक्ष बंद केले. मग दहा वर्षांनी त्याचे पाय थकले म्हणून तेच खाते आपण पुन्हा कोणत्या अधिकाराने उघडतो? बसवेश्वरांनी जनन, मरण, रज, जाती आणि उच्छिष्ट ही पाचही सूतके नाकारली. जन्माने विटाळ येत नाही असे म्हणणाऱ्यांनी जन्मजात आजाराचा मात्र विटाळ मानावा, हे विसंगत आहे.

येथे कोणी विचारील, मग कारण-कार्य नाहीच काय? आहे, नक्की आहे. बाविसाव्या गुणसूत्रावरचा तो बदल हे कारणच आहे. परंतु कारण आणि अपराध या दोन निराळ्या वस्तू आहेत. ज्यात जाणून केलेली निवड असते, तेथे अपराध असतो. आईने हा बदल निवडला नाही, वडिलांनी निवडला नाही, त्यांच्या आईवडिलांनीही नाही. दुखण्याला कारण आहे, अपराधी नाही. हे एकदा मनात ठसले की बोल लावण्याची आपली जुनी सवय आपोआप लटकी पडते.

सर्वांत अधिक बोल सोसावे लागतात ते आईला. हिच्या कुशीत खोट, हिच्या माहेरचे रक्त असे, आणि मग सुनेला माहेरी धाडण्याची, मुलाला दुसरी बायको करण्याची कुजबुज सुरू होते. वर सांगितलेला नियम पुन्हा वाचावा. या आजारात दोन बिघडलेल्या प्रतींपैकी एक बापाची असते. अर्धा वाटा नेमका त्याचा आहे. तेव्हा जो नवरा या कारणास्तव बायकोला टाकतो, तो आपल्या वाट्याचे अर्धे तिच्या पदरात बांधून तिला बाहेर काढतो. बाराव्या शतकात अनुभवमंटपात स्त्रीला समोर बसवून तिचे म्हणणे ऐकणाऱ्या शरणांचे आपण वारस आहोत. आपल्या घरात हे घडता कामा नये.

जाणून घेतल्यावरची जबाबदारी

अपराध नाही म्हणजे कर्तव्यही नाही, असे मात्र नव्हे. कारण कळले की जबाबदारी सुरू होते.

पहिली जबाबदारी उपचाराची. नशीब म्हणून स्वस्थ बसण्याचा दोष असा, की हालचाल बिघडवणाऱ्या आनुवंशिक आजारांपैकी काहींवर चांगला उपचार आहे आणि तो वेळेवर मिळाला पाहिजे. विल्सनचा आजार घ्या. त्यात शरीरात तांबे साचते. हात थरथरतात, बोलणे अडखळते, यकृत बिघडते. हा आजारही आईवडील दोघेही वाहक असल्यानेच येतो. परंतु तांबे बाहेर काढणारे औषध 1956 पासून उपलब्ध आहे, आणि ते नियमित घेणारे कित्येक रुग्ण संसार करीत आहेत. जपानचे डॉ. सेगावा यांनी वर्णन केलेल्या आणखी एका आजारात मूल सकाळी बरे चालते आणि संध्याकाळपर्यंत त्याचे पाय वाकडे होत जातात. लेव्होडोपा या औषधाच्या अल्प मात्रेने ते पुन्हा चालू लागते. अशी मुले जन्मतः मेंदूला इजा झालेली समजून वर्षानुवर्षे बसवून ठेवली गेल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. प्राक्तन म्हणून हात जोडले, तर अशा मुलाचे पाय आपणच काढून घेतल्यासारखे होईल. मेगॅलेन्सेफॅलिक ल्युकोडिस्ट्रॉफीवर मुळापासूनचा उपाय अजून नाही. तरी झटक्यांवर औषध आहे, ताठरपणावर व्यायाम आहे, आणि डोक्याला लहानसा मार लागूनही प्रकृती एकाएकी ढासळू शकते हे माहीत असले तर पडण्यापासून जपता येते. केंद्र शासनाने 2021 साली दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आखले असून त्यातील विशेष केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यातही दीर्घकालीन मज्जाविकारांचा समावेश आहे. या गोष्टी त्या घराला जाऊन सांगणे, कागदपत्रांसाठी त्यांच्याबरोबर कचेरीत जाणे, हाही दासोहच होय.

दुसरी जबाबदारी विवाहाची. अग्रवाल समाजात अठरा गोत्रांची परंपरा सांगतात आणि सगोत्र विवाह टाळतात. तरी हा आजार टळला नाही, कारण गोत्र केवळ बापाची वाट धरून चालते, जनुके मात्र आई आणि बाप दोन्ही वाटांनी येतात. आपल्याकडेही सोयरीक करताना घराणे, बेडगे, मठ पाहतात. आणि दुसरीकडे कर्नाटकात व दक्षिण महाराष्ट्रात मामा-भाचीचे, आत्ते-मामे भावंडांचे विवाह पुष्कळ समाजांत होत आले आहेत. मामा आणि भाची यांची सरासरी एक चतुर्थांश जनुके समान असतात, आत्ते-मामे भावंडांची एक अष्टमांश. एकच सुप्त बदल दोघांकडे असण्याचा संभव तेथे वाढतो. ज्यांचे असे विवाह झाले आहेत त्यांनी भिऊ नये; त्यांची बहुसंख्य मुले निरोगीच असतात. परंतु ज्या कुळात असे मूल जन्मलेले आहे, तेथे पुन्हा नात्यातच सोयरीक करण्यापूर्वी जनुकतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हरळय्या आणि मधुवरस यांच्या घरांनी जातीची भिंत ओलांडून सोयरीक केली ती समतेसाठी, त्यामागे वैद्यकाचा हेतू नव्हता. पण सोयरिकीचे वर्तुळ रुंद करण्यात धर्म बुडत नाही, एवढा धडा त्या घटनेतून आपल्याला नक्की घेता येतो.

याच ओघात लपवण्याचा प्रश्न येतो. घरात असे मूल असले की त्याच्या बहिणीचे लग्न जमेपर्यंत त्याला आतल्या खोलीत ठेवतात. या लपवण्याने मुलाचा कोंडमारा होतो, आणि नव्या घराची फसवणूकही. वास्तविक अशी निरोगी बहीण वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन असली, तरी तिचा नवरा त्याच जनुकातील बदलाचा वाहक नसेल तर तिच्या मुलांना हा आजार होत नाही. एका रक्ततपासणीने जे उलगडते, त्यासाठी भावाला कोंडण्याचे कारण नाही. खरे बोलणे हा शरणांचा पहिला आचार. पण केवळ मुलीकडच्यांनी खरे बोलावे आणि मुलाकडच्यांनी ते ऐकून उठून जावे, असे असेल तर खरे कोण बोलेल? म्हणून ऐकणाऱ्यावरही तेवढीच जबाबदारी आहे.

तिसरी गोष्ट नाजूक आहे. पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करून आजार आहे की नाही हे आता कळू शकते. 1994 चा कायदा लिंगनिदानाला पूर्ण बंदी करतो, परंतु अशा आनुवंशिक आजाराच्या तपासणीला अटींवर परवानगी देतो. तपासणी करावी का, आणि उत्तर प्रतिकूल आले तर काय करावे? आम्हांस वाटते, हा निर्णय त्या जोडप्याचा, विशेषतः त्या आईचा आहे. डॉक्टरांनी माहिती द्यावी आणि वडीलधाऱ्यांनी धीर द्यावा. तपासणी कराच असा दट्ट्या लावू नये, आणि केली म्हणून पापाचे बोटही दाखवू नये. ज्यांनी एका लेकराला रात्र रात्र उराशी धरून सांभाळले, त्यांच्या निर्णयाची किंमत बाहेरून ठरवता येत नाही. फक्त एक पथ्य सर्वांनी पाळावे: या चर्चेत घरातील त्या मुलाच्या जगण्याला कुणी चुकूनही वाया गेलेले म्हणू नये. पुढचे बाळ निरोगी असावे ही इच्छा आणि आहे त्या बाळावरची माया, दोन्ही एकाच आईच्या मनात एकाच वेळी नांदू शकतात.

थरथरणारा तळवा

शेवटी कायकाचा प्रश्न उरतो. शरणांनी श्रमाला पूजेचे मोल दिले. मग ज्याला श्रम करता येत नाहीत, त्याचे काय? काहींना वाटते, येथे आपला सिद्धांत अपुरा पडतो. आम्हांस तसे वाटत नाही. कायकाचे मोल शरणांनी कधी वजनावर ठरविले नाही. लाकडाची मोळी आणणाऱ्याचे आणि राजाच्या भांडाराचा हिशेब ठेवणाऱ्याचे कायक त्यांनी एकाच तागडीत धरले. जितकी शक्ती तितके, पण मनापासून, हीच त्यातील अट. ज्या मुलाला घास तोंडापर्यंत नेण्यासाठी सारे बळ एकवटावे लागते, त्याचा तो घास हे कायकच आहे. आणि कायकाबरोबर दासोह जोडला गेला आहे, तो याचसाठी, की ज्याच्या हातून घडत नाही त्याचा वाटा ज्याच्या हातून घडते त्याने सांभाळावा.

अशा मुलाचा तळवा थरथरतो आणि त्यावर इष्टलिंग ठरत नाही. तेव्हा आईने वा वडिलांनी आपला तळवा त्याच्या तळव्याखाली धरावा, आणि पूजा त्याचीच होऊ द्यावी. त्याच्या बदल्यात आपण करून मोकळे होऊ नये. मठात पायऱ्या असतील तर एका बाजूला उतरंड बांधावी, म्हणजे त्याची खुर्ची आत येईल. प्रसादाच्या पंगतीत त्याला शेवटी, निराळे बसवू नये. सर्वांबरोबर बसवावे आणि सांडले तर पुसून घ्यावे.

ज्याचे पाय थांबले पण मन जागे आहे, त्याला स्थावर म्हणता येणार नाही. धडधाकट पायांनी त्याच्या घरी जाऊन जुनाच बोल लावून येणारा माणूस मात्र जागचा हललेला नसतो. पुढच्या वेळी अशा घरी जाण्याचा प्रसंग आला, तर पूर्वजन्माविषयी काही न बोलता आधी त्या मुलाशी बोलावे, त्याचे नाव घेऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून. उत्तराला वेळ लागला तर थांबावे.

शरणु शरणार्थी.